एका ठोकळ्याची जागा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुरुंद्याच्या ज्या घरात मी वाढलो, तिथं आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवसापासून उतारे, अंगारे, अंगात येणं, सगळं बंद झालं. आम्ही पोरं पिंपळाखालून जायला घाबरलो की वडील मुद्दाम त्याच वाटेनं साखर आणायला पाठवायचे. तेव्हा मी सांगतोय त्यात भूत शोधू नका. मी शोधून पाहिलं. जे सापडलं त्याला भूत म्हणता येत नाही, आणि म्हणता आलं असतं तर माझी झोप इतकी उडाली नसती.

हनमंत आणि मी नांदेडला एका वर्गात होतो, एका खोलीत राहिलो आणि पुढं पुण्याच्या एका संस्थेसाठी हिंगोलीत बसून एकच काम करत होतो. हळदीच्या मार्केटमागं आमच्या दोन खोल्या. हंगामात हळदीची धूळ दारं-खिडक्या लावल्या तरी आत यायची आणि आमच्या यंत्रांच्या फटीत बसायची. पुण्याहून व्यंकटराव साहेब आले की विचारायचे, यांना कावीळ झाली का? त्यांचा हा एकच विनोद होता आणि तो आम्ही दरवेळी नव्यानं हसून घ्यायचो.

यंत्रं म्हणजे ठोकळे. एकेक ठोकळा पेढ्याएवढा, सहाही बाजूंना लोहचुंबक, आत बारीक मोटर आणि तिच्याहून बारीक मेंदू. एकटा ठोकळा काही कामाचा नाही. पण शंभरेक एकत्र आले की एकमेकांच्या पाठीवरून गडगडत ते हवा तो आकार घेतात. रांग होतात, रांगेचा गोळा होतो, गोळ्याची वाटी होते. आम्हाला हवी होती ती वाटीच. उघड्या बोअरमध्ये लेकरू पडतं, बाजूनं खड्डा खणेपर्यंत वेळ निघून जातो, हे आपण दर उन्हाळ्यात टीव्हीवर पाहतो आणि चहा पितो. हे ठोकळे दोरीला धरून, गांडुळासारखे लेकराच्या अंगाच्या कडेनं खाली सरकतील, त्याच्या पायाखाली पोचले की वाटीचा आकार घेतील आणि त्याला वर उचलतील. काम एवढंच. सांगायला सोपं.

अवघड आहे ते कुणी कुठून कुठं जायचं हे ठरवणं. त्या रीतीला आम्ही अल्गोरिदम म्हणतो. सगळे एकदम हलले तर आकार कोसळतो, एकेक हलला तर दिवस मावळतो, आणि मधला कुणी चुकीच्या वेळी सरकला तर कळप तुटून दोन होतात. पुण्याच्या रीतीत वरचा संगणक आधी सगळे ठोकळे मोजायचा आणि प्रत्येकाला लग्नाच्या पंगतीसारखी जागा नेमून द्यायचा. बोअरमध्ये वीस-पंचवीस फूट खाली गेलं की वरचा निरोप पोचत नाही. मग पंगत तशीच ताटकळत बसायची.

हनमंताची रीत निराळी होती. तो मेंढरं राखणाऱ्या घरातला. कळमनुरी तालुक्यात कयाधूच्या काठाला त्याचं गाव. तो म्हणाला, "आमच्याकडं मेंढरं मोजत न्हाईत भीमराज. मोजली की कमी होतात म्हणत्यात. बाप सांजच्याला मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभा राहतो अन् नुसता पाहतो. कोण कुणाच्या अंगाला लागून चालती हे त्याला म्हाईत असतंय. जोडीदारीण एकली दिसली की समजायचं, दुसरी मागं राहिली."

मी म्हणालो, "म्हणजे तू ठोकळ्यांना मेंढरं करून राहिला."

"व्हय," तो म्हणाला. "शहाणं जनावर हाय. तुझ्या पुण्याच्या साहेबापरीस बरं."

आणि त्यानं ते केलं. त्याच्या रीतीत मोजणी नाही, मुकादम नाही. प्रत्येक ठोकळ्यानं आपल्या चार-पाच सोबत्यांचे नंबर लक्षात ठेवायचे. नवा आकार घेताना सोबती जवळपास आहेत ना एवढंच पाहायचं. एखादा दिसला नाही तर त्याची जागा मोकळी ठेवायची आणि कडेच्यांनी हात लांबवून त्याला शोधायचं. मातीत अडकलेला ठोकळा सोडून बाकीचे वर निघून येऊ नयेत म्हणून हे. खालच्या अंधारात ही रीत पुण्याच्या रीतीहून किती तरी चांगली चालली. व्यंकटराव साहेबांनी त्या दिवशी काविळीचा विनोदसुद्धा केला नाही.

त्या रीतीत एक चूक होती आणि ती फक्त त्याच्याच घरातल्या माणसाकडून झाली असती. त्यांच्या घरात मेंढराला मेलं म्हणत नाहीत. लांडग्यानं नेलं, पुरात गेलं, रोगानं गेलं, काहीही झालं तरी म्हणायचं, मागं राहिलं. हनमंताच्या रीतीत ठोकळ्याच्या दोनच अवस्था होत्या: सोबत, किंवा मागं. तिसरी त्यानं लिहिलीच नव्हती. त्याला ती सुचली नसावी.

भाद्रपदात कयाधूला पूर आला. हनमंत हिंगोलीहून मोटारसायकलवर गावी निघाला होता. चुंबक ढिलं झालेला एक ठोकळा दुरुस्तीसाठी त्याच्या शर्टाच्या खिशात होता. नळकांडी पुलावरून पाणी चाललं होतं आणि पलीकडं थांबलेल्या लोकांनी हात हलवून त्याला नको म्हटलं, असं ते नंतर सांगत होते. तिसऱ्या दिवशी तो खूप खाली बाभळीत अडकलेला सापडला. ओळख मी पटवली, शर्टावरून. त्याच्या आईला, सत्यभामाबाईंना, तोंड दाखवलं नाही. दाखवण्यासारखं नव्हतं. खिसा रिकामा होता.

त्यानंतर ठोकळ्यांच्या वाटीला भोक पडलं. मी आकार दिला की ते नेहमीसारखे गडगडत जायचे, वाटी करायचे आणि बुडाशी एका ठोकळ्याची जागा मोकळी ठेवून थांबायचे. दुसरा आकार दिला, तिथंही तेच. नवा ठोकळा आणून त्या जागेत बसवला तर शेजारचे त्याला हळूच ढकलून बाहेर काढायचे आणि पुन्हा जागा मोकळी करायचे. काम संपलं असं ते कधी म्हणायचेच नाहीत. कडेचे ठोकळे एकावर एक चढून लांब हात काढायचे, चाचपडायचे, मागं घ्यायचे. ते हात सगळ्या दिशांना निघायचे, मी खात्री करून घेतली आहे. पण माझी नजर दरवेळी दाराकडं निघालेल्या हातावरच जायची. मी खोलीत एकटा असायचो आणि मला भीती वाटायची, हे मान्य करतो.

व्यंकटराव साहेबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांची मेमरी पुसून टाक. पुण्याची रीत घाल. सोमवारी पाहणीला लोक येताहेत, त्यांना भोक दाखवणार आहेस का?"

मेमरी पुसली की हनमंताचं सगळं काम गेलं. कुठला ठोकळा ओल्या मातीत घसरतो, कुणाचं चुंबक कच्चं, कुणाला कुणाच्या आधारानं न्यायचं, हे ठोकळे वर्षभर बोअरमध्ये उतरून त्याच्या हाताखाली शिकले होते. ते दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आणि भोक ठेवलं तर खालचं लेकरू त्यातून निसटणार. दोन्हीतलं एक सोमवारपर्यंत ठरवायचं होतं. सरळ सांगायचं तर हनमंताचं जगात जेवढं शिल्लक होतं तेवढं माझ्या टेबलावर होतं आणि ते मीच पुसायचं होतं. मी साहेबांना म्हणालो, शनिवार-रविवार द्या. ठोकळ्यांची पेटी घेतली आणि कळमनुरीची एसटी धरली.

हनमंताच्या घरामागं एक कोरडा बोअर आहे. आमच्या सगळ्या चाचण्या तिथंच व्हायच्या, म्हणून ते घर मला पाठ होतं, ओसरीपर्यंत. पाणी ओसरीवर यायचं, चहा ओसरीवर यायचा, पाऊस आला तर बाजही ओसरीवर सरकायची. कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. मी सत्यभामाबाईंना मावशी म्हणायचो आणि त्या मला 'कुरुंद्याचं पोरगं' म्हणायच्या. आत-बाहेर करणारा हनमंत असायचा. मला कधी राग यायचा, कधी नाही. त्याला यायचा, पण तो आईला काही बोलू शकायचा नाही.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. जानेवारीचा गार वारा हरभऱ्यावरून येत होता. अंगणाच्या काटेरी कुंपणाचं फाटक सताड उघडं होतं. हनमंताचे वडील नामाजीबाबा कुंपणाशी बसले होते.

"फाटक उघडं काहून बाबा?" मी विचारलं. "लांडगे हाईत ना हिकडं?"

"ती लावू देत न्हाई," ते म्हणाले. "म्या लावलं की ती उठून उघडती. म्हणती, हनमा मागं राहिलाय. तो आल्यावर लावू." मग म्हणाले, "चार म्हयने झाले. मी जाळीपाशी झोपून राहिलो."

सत्यभामाबाई ओसरीवर जोंधळे निवडत होत्या. माझ्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं आणि विचारलं, "त्याचं काम हाय का त्यात?"

"व्हय मावशी," मी म्हणालो.

आमची एक बाहुली होती, कापडाची, आत वाळू भरलेली, वजनानं दीड-दोन वर्षांच्या मुलाएवढी. तिला आम्ही लेकरूच म्हणायचो. ती बोअरमध्ये सोडली आणि ठोकळे खाली उतरवले. सत्यभामाबाई येऊन बोअरपाशी बसल्या. हनमंत असताना त्या कधी आल्या नव्हत्या. खालून ठोकळ्यांची टकटक ऐकू येत होती. मग ती थांबली. मी दोरी ओढायला लागलो. अर्ध्यावर लेकरू एका कुशीवर कललं, भोकातून त्याचा पाय निघाला, मग कंबर, आणि ते सटकून खाली गेलं. तळाशी आपटल्याचा आवाज आला. सत्यभामाबाई उठल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, काय करून बसलो मी.

त्या दिवशी सकाळपासून एक मेंढी ओरडत होती. तिचं कोकरू थंडीनं गेलं होतं. म्हणजे, मागं राहिलं होतं. ती जाळीला फेऱ्या मारायची, कोकरू पडलं होतं तिथली जमीन हुंगायची, परत ओरडायची. तो आवाज माणसाच्या फार जवळचा असतो, ऐकवत नाही. दुसरीकडं आई गेलेलं एक कोकरू भुकेनं लटपटत उभं होतं. मेंढी त्याला जवळ येऊ देत नव्हती, डोक्यानं ढकलून देत होती.

नामाजीबाबांनी मेलेल्या कोकराचं कातडं सोललं. ते कातडं त्यांनी अंगरख्यासारखं भुकेल्या कोकराच्या अंगावर चढवलं, पोटाखाली सुतळीनं बांधलं आणि त्याला मेंढीच्या पुढ्यात सोडलं. मेंढीनं हुंगलं. मागं सरली. परत हुंगलं, खूप वेळ. मग उभी राहिली. कोकरू कासेखाली गेलं आणि शेपूट हलवायला लागलं. ओरडणं थांबलं.

"वास वळखती," नामाजीबाबा हात धूत म्हणाले. "दोन-चार दिस कातडं ठिवायचं. मंग काढलं तरी चालतं."

मी तिथंच उभा राहिलो. शेजारचे ठोकळे नव्या ठोकळ्याला ढकलतात, कारण त्याचा नंबर निराळा. ते फक्त नंबर ओळखतात. मग नव्या ठोकळ्याला जुना नंबर दिला तर? हनमंताच्या खिशातल्या ठोकळ्याचा नंबर. हे चार महिन्यांपूर्वीच सुचायला हवं होतं. कदाचित सुचलं होतं आणि मीच ते बाजूला सारलं होतं, कारण दुसऱ्याचं नाव कुणाला देणं म्हणजे पहिला आता येणार नाही हे कबूल करणं. मला ते नको होतं. शिकलेला असलो तरी मीही चार महिने फाटक उघडंच ठेवलं होतं.

दिवेलागणीला मी ओसरीवर लॅपटॉप उघडला, नवा ठोकळा वायरनं जोडला आणि जुना नंबर टाईप केला. बोटं गारठली होती. हुकमाचं बटण दाबलं, आणि तेवढ्यात मागून अंगावर काहीतरी जड पडलं. मी दचकून हललो, वायर निसटली. वळून पाहिलं तर सत्यभामाबाई. त्यांनी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली होती. काळी, काठाला पांढरी रेघ असलेली. ती हनमंताची होती. नांदेडच्या खोलीतसुद्धा तो तीच पांघरायचा आणि तिला मेंढरांचा वास येतो म्हणून मी रोज भांडायचो.

"थंडी हाय," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. कुंपणापाशी पडलेलं कुत्रं उठून आलं, घोंगडीचं टोक हुंगलं आणि माझ्या पायाशी येऊन बसलं. आधी तीन वेळा ते माझ्यावर भुंकलं होतं.

मी वायर गुंडाळली आणि नवा ठोकळा कळपात सोडला. लॅपटॉप घेऊन घरामागं गेलो, सत्यभामाबाई मागून आल्या, आणि दोरी बोअरमध्ये सोडली. टकटक सुरू झाली. मी कान देऊन ऐकत होतो. नेहमी ज्या वेळी आवाज थांबायचा त्या वेळी तो थांबला, आणि मग आणखी एकदा वाजलं. टक. दोरी थोडी वर घेतली आणि निरोप पोचण्याच्या टप्प्यात येताच लॅपटॉपवर एक ओळ उमटली, जी हनमंत गेल्यापासून मी पाहिली नव्हती. आकार पूर्ण.

उरलेली दोरी ओढली. लेकरू वर आलं. वाटीच्या बुडाला भोक नव्हतं. सत्यभामाबाईंनी ती वाळूची बाहुली दोन्ही हातांनी उचलली, पदरानं तिची माती पुसली आणि ओसरीच्या कडेला भिंतीशी टेकवून बसवली.

"मागं राहिलेला आला का?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हणालो. ठोकळ्याबद्दलच म्हणालो. मला तरी तसं वाटत होतं.

त्या अंगणात गेल्या आणि फाटक ओढून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. नामाजीबाबा जाळीपाशी उभे राहून पाहत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अंगावरच्या घोंगडीकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मग आतून हाक आली. "हनमा, भाकर घे. निवून चालली."

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. तिथं मी ठामपणे म्हणायला हवं होतं, मावशी, मी भीमराज. म्हणालो नाही. आत गेलो. पहिल्यांदाच. चुलीपाशी पाट होता, हनमंताचा असणार. त्यावर बसलो. त्यांनी तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकली, ठेच्यावर तेल ओतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वाळला की रे," त्या म्हणाल्या.

"व्हय माय," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते त्याच्यासारखं आलं, शेवट जरा ओढून. शेजारी जेवायला बसलेल्या नामाजीबाबांचा घास हातातच राहिला. मला लाज वाटत होती आणि इतकं बरं वाटत होतं की लाजेला जागाच उरत नव्हती. आयुष्यभर ज्या चुलीपासून दूर बसलो तिथं बसायला मला एका मेलेल्या मित्राची घोंगडी पांघरावी लागली, हेही डोक्यात येत होतं. तरी भाकरी मी चार खाल्ल्या. ठेचा मला सोसत नाही. हनमंताला सोसायचा. त्या दिवशी मला सोसला.

सकाळी उठून चूळ भरली आणि साहेबांना पाठवण्यासाठी कालच्या चाचणीची नोंद उघडली. पहिलीच ओळ लाल होती. नंबर लिहिता आला नाही, जोडणी तुटली. वेळ दिवेलागणीची. घोंगडी अंगावर पडली तेव्हाची.

मी ती ओळ पुन्हा वाचली. नव्या ठोकळ्याला जुना नंबर मिळालाच नव्हता. तो स्वतःच्याच नंबरानं कळपात गेला होता, तोच परका नंबर, ज्याला ते चार महिने ढकलून देत होते. कातडं त्याच्या अंगावर नव्हतंच. तरी त्यांनी त्याला आत घेतलं, त्या जागेत बसू दिला, आणि आकार पूर्ण म्हणाले.

मी शेजारच्या ठोकळ्यांची मेमरी एकेक करून उघडली. प्रत्येकानं सोबत्यांत नव्याचा खरा नंबर घालून घेतला होता. आणि हनमंताच्या खिशातला ठोकळा होता तिथंच होता, मागं राहिलेल्यांत. कुणी त्याला पुसलं नव्हतं. हनमंताच्या रीतीप्रमाणं जोवर एखादा मागं आहे तोवर त्याची जागा मोकळीच राहायला हवी. मी त्याची सगळी रीत वरपासून खालपर्यंत वाचून काढली. एकाला न विसरता त्याच्या जागेवर दुसऱ्याला घ्यावं, असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं नव्हतं. दुसरं कुणी तिथं नव्हतं.

पेटी ओसरीवर उघडी होती आणि ठोकळे काल सोडले तसेच वाटी करून बसले होते, नवा मधोमध. कुठला ते मला ओळखता येईना. सगळ्यांवर सारखीच हळद बसली होती. नव्यावर ती कशी आली, याचंही मी नंतर उत्तर शोधलं. पेटीत आधीची धूळ होती. उत्तरं असतात.

सत्यभामाबाई जाळीपाशी होत्या. मी घोंगडी काढली, घडी केली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आता सांगायलाच हवं होतं. कालचं खोटं मी घेऊन गेलो असतो तर त्या पुन्हा वाट पाहायला बसल्या असत्या, या वेळी माझ्या नावानं.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो. "काल तुमी हाक मारली अन् मी ओ दिली. मी हनमंत न्हाई."

त्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मला काय म्हाईत न्हाई व्हय?" मग त्या म्हणाल्या. "म्या पैदा केलेलं पोरगं मला वळखू येत न्हाई? तोंड न्हाई दाखवलं तुमी मला. पाय दिसला व्हता चादरीतून. पाय पुरं असतो आईला."

मला वाटत होतं चार महिने त्यांना काही ठाऊक नाही.

"हिला बी समदं कळतंय," त्यांनी मेंढीकडं पाहत म्हटलं. "कातड्याखालून दुसऱ्याचा वास येतोच की. आमच्या ह्यांना वाटतं, ती फसली. कशाची फसती? कास भरून ठणकून राहती, पोरा. कुणाला तरी पाजावंच लागतं. पण आपलं लेकरू मागं असताना दुसऱ्याला कसं घ्यावं, याची लाज वाटती तिला. कातडं त्या लाजेवर टाकायचं असतंय. आपल्या लेकराला काही ती इसरत न्हाई."

त्या खाली वाकल्या. कोकराच्या पोटाखालची सुतळी सोडली आणि कातडं काढून बाजूला ठेवलं. कोकरू क्षणभर उघडं उभं राहिलं. मेंढीनं मान वळवून त्याला हुंगलं, मग समोर पाहत रवंथ करायला लागली. ते कासेखाली गेलं.

मला व्यंकटराव साहेबांना काय सांगायचं ते कळत नव्हतं. भोक बुजलं, हे सांगता येईल. कसं, ते विचारतील. मी घोंगडी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही, म्हणाल्या, "ओसरीवर ठिव." मी ओसरीवर ठेवली, ठोकळ्यांच्या पेटीशेजारी, आणि वायरी आवरायला लागलो. त्या माझ्या अंगावरून आत गेल्या. चूल पेटल्याचा वास आला. ताट ठेवल्याचा आवाज आला, पाट सरकवल्याचा आला.

मी नेहमीच्या सवयीनं उंबऱ्याबाहेर, खांबाला टेकून बसलो. बाजेवर पाणी येईल, चहा येईल, मग निघू.

"भीमराज," आतून हाक आली. माझं नाव त्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. "बाहीर काहून बसला? आत ये."